शब्दवेध : वंश

संस्कृतात ‘वंश’ म्हणजे वेळू. त्याचे पेर पेरातून वाढते, म्हणून पिढ्यांच्या परंपरेसही तेच नाव लाभले, आणि त्या अर्थात त्वचेच्या रंगाचा लवलेशही नव्हता. ‘वंशद्वेष’ हा समास मात्र अर्वाचीन. त्याचे एक उदाहरण पाहा. २००७ च्या जानेवारीत ब्रिटनच्या चॅनेल फोर वाहिनीवरील एका स्पर्धात्मक कार्यक्रमात अभिनेत्री शिल्पा शेट्टी यांच्या उच्चारांवरून, स्वयंपाकावरून सहस्पर्धकांनी जी हीन शेरेबाजी केली, तिच्याविरुद्ध ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेच्या दफ्तरी ४०,००० हून अधिक तक्रारी दाखल झाल्या, पाटण्यात पुतळे जळाले, आणि मे महिन्यात वाहिनी कसूरवार ठरली. तो संताप सर्वथा न्याय्य होता. परंतु ईशान्येकडील आपल्याच बांधवांची चेहऱ्यावरून हेटाळणी होते, तेव्हाही वाचकहो, तितक्याच तत्परतेने दाद मागा.