दहा दिवसांचं सुतक, आठ दिवसांची रजा

शिरूर तालुक्यातलं मांडवगण फराटा भीमेच्या काठी, पलीकडे दौंड. या पट्ट्यात माणूस गेलं की घराला दहा दिवसांचं सुतक, दहाव्याला नदीकाठी दशक्रिया, पिंडाला कावळा शिवण्याची वाट, मग तेरावा. शेतीत हे निभायचं. पेरणी-पाणी भाऊबंद सांभाळायचे.

गिरणीत भाऊबंद कुठले? मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टीसुद्धा नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर, १८९० मध्ये मिळाली.

१९४८च्या कारखाने कायद्यात वर्षाला २४० दिवस भरले, की दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा होती. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ नैमित्तिक रजा आल्या, त्याही तिमाहीगणिक जमा होणाऱ्या. दुखवट्याची वेगळी रजा दोन्हींत नाही. त्यामुळे नोकरदार मुलगा बहुधा सावडणं उरकून कामावर परततो आणि दहाव्याला पुन्हा रजा टाकतो.