न दुखणारा दात : इम्प्लांटच्या यशापयशाचा इतिहास

 

मी दंतवैद्य नाही. माझं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. म्हणून इम्प्लांट कसा बसवतात ते तुमच्या डॉक्टरांकडूनच ऐका. मला आज दुसरा प्रश्न घ्यायचा आहे. बसवलेला इम्प्लांट फसला, असं म्हणायचं कधी? प्रश्न साधा वाटतो. पण याचं उत्तर गेल्या पन्नास वर्षांतच बदललेलं आहे, आणि आपल्या वयाच्या माणसांच्या तोंडात आणि खिशात ते उत्तर आज फिरतं आहे.

सुरुवात थोडी लांबून करू. 1931 मध्ये मध्य अमेरिकेतल्या होंडुरासमध्ये माया संस्कृतीच्या काळातला एक जबडा सापडला. साधारण इसवी सन 600 चा. त्यात दातांच्या जागी शिंपल्याचे तीन तुकडे ठोकलेले होते. पुढे 1970 च्या सुमारास एक्स-रे काढले, तेव्हा त्यातल्या दोन तुकड्यांभोवती हाड वाढलेलं दिसलं. म्हणजे तो माणूस जिवंत असतानाच ते बसवले होते.

आपल्याकडे काय होतं? सुश्रुतात इम्प्लांट शोधू नका, तो मोह टाळा. तिथे वेगळी श्रीमंती आहे. सुश्रुतसंहितेत मुखाचे 65 रोग मोजले आहेत, त्यातले 15 एकट्या हिरड्यांचे. त्यांतल्या 'दंतवेष्ट' रोगाचं लक्षण काय? हिरडीतून पू-रक्त येतं आणि दात हलू लागतात. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल. आणि ज्या पनवेलमध्ये 1872 साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर कारखाना काढला, त्या गावाला हा ग्रंथ परका नाही.

आता स्वीडन. 1952 साली पेर-इंगवार ब्रोनमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी टायटॅनियमचं एक छोटं उपकरण हाडात बसवलं होतं. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले, तर निघेचना. हाड धातूला थेट धरून बसलं होतं. 1965 मध्ये योस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात त्यांनी असे स्क्रू बसवले. लार्सन 2006 साली वारले. चाळीस वर्षांहून अधिक काळ ते त्याच आधारावर जेवले!

पण लोकांनी लगेच मानलं का? नाही. तेव्हाचे बरेच तज्ज्ञ म्हणत, धातूभोवती मऊ तंतूंचं वेष्टन होणारच, थोडं हलणं चालतं. 1978 मध्ये हार्वर्डला परिषद भरली. तिच्या निकषात इम्प्लांट एक मिलिमीटरपेक्षा कमी हलत असेल तर चालेल, असं होतं. आधाराचं एक तृतीयांश हाड गेलं तरी चालेल. पाच वर्षांनी शंभरात 75 टिकले की यश! मग 1982 च्या टोरांटो परिषदेत ब्रोनमार्कांचं काम जगापुढे आलं. 1986 मध्ये आल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी नवे निकष दिले: इम्प्लांट अजिबात हलता कामा नये, एक्स-रेमध्ये त्याच्याभोवती काळी रेघ नको, पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज वर्षाला 0.2 मिलिमीटरपेक्षा कमी हवी. पाच वर्षांनी किमान 85 टक्के आणि दहा वर्षांनी 80 टक्के यश हवं.

बघा, आठ वर्षांत काय झालं. जो इम्प्लांट 1978 ला पास होता, तोच 1986 ला नापास. दात तोच, जबडा तोच. बदलली ती अपेक्षा. अपेक्षा वाढली म्हणूनच अपयश दिसायला लागलं.

पण आपल्याला, म्हणजे ज्याच्या तोंडात तो आहे त्याला, ते कसं दिसावं? आपण म्हणतो, 'दुखत नाही ना, मग झालं.' इथे कुमारिल भट्टांना बोलवावं लागेल. त्यांच्या परंपरेतले मीमांसक 'अनुपलब्धि' हे प्रमाण मानतात. जमिनीवर घागर दिसत नाही, म्हणून ती नाही. पण त्याला एक अट आहे, बरं का. घागर असती तर ती दिसली असती, इतका उजेड हवा. अंधारात 'दिसत नाही' यावरून 'नाही' ठरत नाही. याला योग्य-अनुपलब्धि म्हणतात.

खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंचा पातळ थर असतो, त्यात संवेदना असते. भातात खडा आला की तत्क्षणी कळतं. इम्प्लांटभोवती तो थरच नाही, हाड थेट धातूला भिडलेलं. म्हणून भोवतीचं हाड झिजत असताना बहुतेकदा दुखतच नाही. या आजाराला पेरि-इम्प्लांटायटिस म्हणतात. तिथे 'दुखत नाही' हा पुरावा अंधारातला आहे.

मग उजेड कुठला? ब्रश करताना रक्त येणं, हिरडी सुजणं, पू येणं, वाईट चव, हिरडी खाली सरकून धातू दिसणं. म्हणजे सुश्रुतांचीच लक्षणं! दात हलला तर थांबू नका. कधी वरच्या कॅपचा स्क्रू सैल असतो, तो दुरुस्त होतो. इम्प्लांटच हलत असेल तर तो बहुधा काढावाच लागतो. हे ठरवणं डॉक्टरांचं काम. आणि कॅप बसवल्यावरचा पहिला एक्स-रे जपून ठेवा. इम्प्लांटची कंपनी आणि माप लिहिलेला कागदही. तुलनेला आधीचं चित्र नसेल तर झीज मोजणार कशी?

टाळायचं कसं? हिरड्यांचा जुना आजार आधी बरा करा. साखर ताब्यात ठेवा. तंबाखू सोडा, आणि आपल्या कोकणात मिश्री हीसुद्धा तंबाखूच, हे घरातल्या आजीला प्रेमाने सांगा. हाडांच्या ठिसूळपणाची किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. रात्री दात खात असाल तर तेही सांगा. दातांच्या फटीतला छोटा ब्रश रोज वापरा. आणि डॉक्टर सांगतील त्या अंतराने, साधारण सहा महिन्यांनी, दाखवायला जा.

हजारो रुपये घालून बसवलेली वस्तू दुखत नाही म्हणून विसरली जाते. तिला आवाज नाही, म्हणून विचारायला आपणच जायचं.