श्रवणयंत्राची कायदेशीर कहाणी

म्हातारपणी कान मंद झाले की माणूस भरल्या घरात एकटा पडतो. नजर अधू झाली तर चष्मा सहज मिळतो. कानाचे तसे नाही. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही श्रवणयंत्र सामान्य माणसाला दीर्घकाळ दुर्लभ राहिले. त्याचे कारण केवळ विज्ञानात नव्हे, कायद्यातही शोधावे लागते.

विज्ञानाने आपले काम केव्हाच केले होते. १९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. त्याचे परवाने देताना श्रवणयंत्रे बनविणाऱ्यांना स्वामित्वधन माफ करण्यात आले, कारण अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे मूळचे बहिऱ्या मुलांचे शिक्षक. (आम्हा शिक्षकमंडळींना याचा थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी क्षमा करावी!) १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टरचे श्रवणयंत्र विक्रीस आले, ट्रान्झिस्टर रेडिओ मागाहून, १९५४ साली आला.

पुढे दारोदार फिरणारे विक्रेते वृद्धांच्या गळ्यात नको ती यंत्रे मारू लागले. त्याच सुमारास 'डाल्कन शील्ड' या गर्भनिरोधक साधनाने अनेक स्त्रियांना गंभीर इजा झाल्या, आणि १९७६ साली वैद्यकीय उपकरणांचा कायदा झाला. १९७७ च्या नियमाने ठरविले की, खरेदीपूर्वी सहा महिन्यांच्या आत डॉक्टरांची तपासणी हवी. प्रौढाला मात्र सही करून ती नाकारता येई. राज्याराज्यांतून परवानाधारक विक्रेत्याची अटही होती. हेतू चांगला होता, यात शंका नाही. परंतु यंत्र, तपासणी आणि जुळवणी यांचे एकच बिल होऊ लागले. २०१५ साली राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने एका यंत्राची सरासरी किंमत २,३०० डॉलरांहून अधिक सांगितली. बहुतेकांना दोन कानांसाठी दोन यंत्रे लागतात! आणि वृद्धांच्या 'मेडिकेअर' विम्यातून श्रवणयंत्र १९६५ सालीच वगळलेले होते.

गंमत अशी की, आवाज मोठा करणारी साधी साधने खुलेआम विकली जात. फक्त ती बहिरेपणासाठी आहेत असे म्हणण्यास मनाई होती.

२०१७ साली सिनेटर एलिझाबेथ वॉरन आणि चक ग्रासली या परस्परविरोधी पक्षांतील दोघांनी मांडलेला कायदा संमत झाला. नियमांचा मसुदा तीन वर्षांत यावयाचा होता, तो आला २०२१ च्या ऑक्टोबरात. अखेर १७ ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम श्रवणदोषाचे यंत्र चिठ्ठीविना दुकानात मिळू लागले. मात्र आवाजाला १११ डेसिबलची मर्यादा घातली गेली. मोठा आवाज आपोआप आवळून धरणाऱ्या यंत्रांना ११७ पर्यंत मुभा मिळाली. ज्या कानांच्या रक्षणासाठी नियम, तेच यंत्राने बिघडू नयेत, हे योग्यच झाले. २०२४ च्या सप्टेंबरात तर ॲपल कंपनीच्या कानात घालावयाच्या 'एअरपॉड्स प्रो'ला श्रवणयंत्राचे काम करण्याची मान्यता मिळाली.

ही सवलत अठरा वर्षांवरील व्यक्तींनाच आहे. लहान मुलांना आणि तीव्र बहिरेपणा असलेल्यांना आजही तज्ज्ञांचाच दरवाजा ठोठवावा लागतो, आणि तेथील बिल काही कायद्याने कमी केलेले नाही.