तीस डॉलरचं मत

मत द्यायला तिकीट काढावं लागलं तर? अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एम्स गावात अगदी तसंच व्हायचं. १९७९ ते २०११ या काळात रिपब्लिकन पक्षाने तिथे सहा वेळा 'स्ट्रॉ पोल' भरवला. म्हणजे अध्यक्षपदाच्या इच्छुकांची लुटुपुटूची निवडणूक, आणि पक्षासाठी निधीही. २०११ मध्ये तिकीट होतं ३० डॉलर. पुष्कळांची तिकिटं उमेदवारच काढायचे. वर बस आणि जेवण!

त्या वर्षी मिशेल बाकमन ४,८२३ मतं मिळवून पहिल्या आल्या. मिनेसोटाचे दोन वेळा गव्हर्नर राहिलेले टिम पॉलेंटी तिसरे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माघार घेतली. पुढे जानेवारी २०१२ मध्ये आयोवात खरं मतदान, म्हणजे कॉकस, झालं. बाकमन थेट सहाव्या!

माझा स्वतःचा कल कॉन्झर्व्हेटिव्ह. टाळ्यांपेक्षा अनुभव मोठा, हे या विचाराचं मूळ. एम्सच्या जत्रेत नेमका अनुभवच आधी बाद झाला. २०१५ मध्ये पक्षाने हा प्रकार बंद केला. बरंच झालं!

तेव्हा फोनवर 'कोण जिंकणार?' असा पोल आला, की आधी विचारा: मत देणाऱ्यांना आणलं कोणी?