सास्तूरच्या वाटेवरचा टीव्ही गेम

भारतात घरगुती गेमयंत्र स्वस्त झाले, ते मूळ कंपन्यांनी भाव उतरवले म्हणून नव्हे. घरात आधीच असलेल्या वस्तूवर जे यंत्र भागले, तेच सामान्य घराला परवडले. आधी टेपरेकॉर्डर, मग टीव्ही आणि शेवटी मोबाइल, असा या वस्तूंचा क्रम आहे. मोठ्या बाजारपेठेपासून दूर असलेल्या गावांच्या बाबतीत हे अधिकच खरे ठरते. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातले सास्तूर हे असेच एक गाव. लातूर जिल्ह्यातले किल्लारी इथून जवळ, खरेदीला उमरगा किंवा लातूर, आणि त्याहून मोठे काम असेल तर सोलापूर. उमरग्यावरून सोलापूर–हैदराबाद महामार्ग जात असल्याने इलेक्ट्रॉनिक मालाच्या बाबतीत हा भाग मुंबई-पुण्याइतकाच हैदराबादच्याही टप्प्यात येतो.

पहिला अध्याय पुण्याचा आहे. सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा छोटा घरगुती संगणक ब्रिटनमध्ये २३ एप्रिल १९८२ रोजी बाजारात आला. त्याची सुधारित आवृत्ती, म्हणजे स्पेक्ट्रम प्लस, पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने रीतसर परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात विकली. त्या काळी केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले होते, पण ते शाळेचे होते, घरचे नव्हते. डीबी स्पेक्ट्रम घरी नेता येत होता. साडेतीन मेगाहर्ट्‌झचा झेड-८० प्रोसेसर आणि ४८ किलोबाइट स्मृती एवढ्यावर तो चालायचा. पडदा घरच्या टीव्हीचा आणि साठवणूक घरच्या टेपरेकॉर्डरवर. दिवाणखान्यात ज्या यंत्रावर भजने आणि सिनेमाची गाणी वाजत, त्याच यंत्रात गेमची कॅसेट घालायची, कर्कश आवाज चार-पाच मिनिटे ऐकायचा आणि मग ‘मॅनिक मायनर’ सुरू व्हायचा. टेपचे हेड किंचित तिरके असले तर शेवटच्या क्षणी लोडिंग फसायचे. बारीक स्क्रू-ड्रायव्हरने ते सरळ करणे हे स्पेक्ट्रमवाल्या प्रत्येक घरातले पहिले तांत्रिक शिक्षण होते.

तरीही स्पेक्ट्रम हा शहरी, शिकल्या-सवरल्या घरांपुरताच राहिला. कीबोर्ड, बेसिक भाषा, इंग्रजी पुस्तिका हे सगळे त्याच्यासोबत येत होते. खेड्यापाड्यांत पोचण्याची ताकद असलेले यंत्र दुसरीकडून आले.

जपानमध्ये निन्टेंडोने १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम हा कन्सोल १४,८०० येनला विक्रीस काढला. ६५०२ या जुन्या, स्वस्त प्रोसेसरवर बेतलेली चिप, अवघी दोन किलोबाइट मुख्य स्मृती आणि चित्र काढणारी एक वेगळी चिप, एवढाच त्याचा संसार. अमेरिकेत हेच यंत्र विकताना निन्टेंडोने त्यात कुलूप-चिप बसवली. कंपनीच्या परवानगीशिवाय बनलेली कॅसेट त्यावर चालू नये हा उद्देश. जपानी फॅमिकॉमला असले कुलूप नव्हते. तैवानच्या चिप उत्पादकांनी, विशेषतः यूएमसीने, फॅमिकॉमच्या प्रोसेसर आणि चित्र या दोन्ही चिपांच्या नकला तयार केल्या आणि जपानी नमुन्याची साठ पिनांची कॅसेट घेणारी नक्कल-यंत्रे आशियाभर पसरली. रशियात १९९२च्या अखेरीस ते ‘डेंडी’ झाले, पोलंडमध्ये ‘पेगासस’ आणि भारतात ‘समुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’. दुकानात मात्र गिऱ्हाईक एवढेच म्हणायचे, टीव्ही गेम दाखवा.

या नकलांचा एक विशेष आजही उपयोगी पडतो. जपानी यंत्र सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या टीव्हीसाठी बनलेले. भारतातले टीव्ही पाल पद्धतीचे, ५० चित्रांचे. नक्कल करणाऱ्यांनी प्रोसेसरचा वेग जवळपास मूळचाच ठेवला, पण चित्रे सेकंदाला ५० केली. परिणामी गेम एक षष्ठांशाने संथ चालायचा. नव्वदच्या दशकात ‘काँट्रा’ किंवा ‘मारिओ’ खेळलेल्या माणसाला तोच खेळ आज संगणकावर उघडल्यावर घाई झाल्यासारखा वाटतो, तो वयामुळे नव्हे. चांगल्या इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या यंत्राचे अनुकरण करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ‘डेंडी’ नावाचा पर्याय असतो. तो निवडला की ओळखीची चाल परत मिळते.

अस्सल माल किती महाग होता हे सेगा या दुसऱ्या गेम कंपनीच्या उदाहरणावरून कळते. १९९५मध्ये सेगाने शॉ वॉलेसशी वितरणाचा करार केला; आयातशुल्क ८० टक्क्यांच्या घरात होते आणि एका कन्सोलची किंमत १८,००० रुपये पडत होती. त्या पैशात त्या काळी चांगला रंगीत टीव्ही येत होता. टीव्हीला जोडायची वस्तू टीव्हीइतकीच महाग, हे गणित मध्यमवर्गीय घरातही बसणारे नव्हते. नक्कल-यंत्र त्याच्या लहानशा हिश्शात मिळायचे आणि सोबत दोन पॅड, एक बंदूक व शंभरावर खेळांचा आकडा छापलेली कॅसेटही यायची. तो आकडा बहुतेक वेळा फसवा असे. ‘टँक’, ‘रोड फायटर’, ‘बॉम्बरमॅन’, ‘सर्कस चार्ली’ असे मोजके खेळ नावे आणि रंग बदलून पुन्हा पुन्हा यादीत येत. पण ते मोजके खेळ खरोखर उत्तम होते, आणि एवढ्या लहान स्मृतीत बसवलेले कसब म्हणून त्यांचे मोल आजही कमी झालेले नाही.

असे एखादे यंत्र उघडले की स्वस्ताईचे गुपित समोर येते. सुरुवातीच्या यंत्रांत हिरव्या पाटीवर पायांच्या दोन मोठ्या चिपा, दोन स्मृतीच्या चिपा आणि काही फुटकळ भाग दिसतात. नंतरच्या यंत्रांत हे सगळे गायब होऊन मधोमध काळ्या राळेचा एक गोल ठिपका उरतो. सगळा कन्सोल त्या ठिपक्याखालच्या एकाच चिपेत आलेला असतो. ठिपका जळला तर यंत्र संपले. पण तो सहसा जळत नाही. बिघडतात ते बाकीचे भाग आणि त्यांची दुरुस्ती कोणत्याही टीव्ही मेकॅनिकच्या आवाक्यातली असते. अडॅप्टरकडून येणारा साधारण नऊ व्होल्टचा पुरवठा पाच व्होल्टवर आणणारा ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर तापून मरतो. तो कुठल्याही स्पेअरपार्टच्या दुकानात मिळतो. पॅडची बटणे दाबूनही माणूस उडी मारत नसेल, तर आतल्या रबरावरचा कार्बन झिजलेला असतो. कॅसेट लागत नसेल तर तिच्या पट्ट्या खोडरबरने घासून स्पिरिटने पुसायच्या. मुले तिच्यात फुंकर मारत. फुंकरीतल्या ओलाव्याने पट्ट्यांवर गंज धरतो, तेव्हा ती सवय टाळलेलीच बरी. अडॅप्टर बदलताना मात्र धन-ऋण टोके कोणत्या बाजूला आहेत हे पाहिलेच पाहिजे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पिना आतून उलट असू शकतात आणि एका चुकीत यंत्र जाते.

टीव्ही गेमच्या याच भरात सास्तूर जमीनदोस्त झाले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चारला काही मिनिटे असताना, किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्याची जड छते झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. सर्वाधिक हानी झालेल्या गावांत सास्तूर होते. त्यानंतर पत्र्याच्या शेडमधले दिवस आणि जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेले पुनर्वसन यांत दशकाची उरलेली वर्षे गेली. भांडी, बियाणे, गुरे यांपासून संसार पुन्हा उभा करणाऱ्या गावात टीव्हीचा क्रम मागे पडणे साहजिक होते, आणि टीव्हीवर अवलंबून असलेल्या खेळाचा तर त्याहून मागे. शहरी माणसाच्या आठवणीतला नव्वदचा टीव्ही गेम आणि भूकंपग्रस्त पट्ट्यातला नव्वदचा टीव्ही गेम यांची एकच कथा सांगणे चुकीचे आहे.

मालाची वाट मात्र त्याही काळात ठरलेली होती. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, आणि क्रॉफर्ड मार्केटजवळचे मनीष मार्केट. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. हैदराबादेत कोठीची गुजराती गल्ली. तिथून माल सोलापूर-लातूरला आणि पुढे तालुक्याच्या गावांतल्या रेडिओ-टीव्हीच्या दुकानांत. जुन्या वस्तू हव्या असतील तर मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार. दर टप्प्यावर नफा चढत गेल्याने शेवटच्या गावाला तीच वस्तू महाग पडायची. शिवाय हमी कुणाचीच नसायची. म्हणून गावात यंत्रापेक्षा ते उघडून बसणारा मेकॅनिक महत्त्वाचा ठरला. विजेचा प्रश्न वेगळाच. २००५ नंतर कित्येक वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने प्रदीर्घ भारनियमन सोसले. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा चौदा इंची कृष्णधवल टीव्ही आणि नऊ व्होल्टचा गेम ही जोडी वीज नसतानाही चालू शकणारी होती, हे तिचे बलस्थान फारसे कुणी नोंदवलेले नाही.

संगणकाकडून आलेली वाट थोडी उशिराची. १९९७ हे तिचे महत्त्वाचे वर्ष. फेब्रुवारीत आर्केड यंत्रांचे अनुकरण करणारा ‘मेम’ आणि एप्रिलमध्ये निन्टेंडोचे अनुकरण करणारा ‘नेस्टिकल’ प्रसिद्ध झाला. साध्या पेंटियम संगणकावर जुने कन्सोल उतरले. महाराष्ट्रात २००१पासून एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्या-तालुक्यांत संगणक केंद्रे उभी राहिली. ग्रामीण मुलांच्या मोठ्या संख्येने माउसला पहिल्यांदा हात लावला तो तिथेच. त्यापुढच्या काळात कंपन्यांनी बदललेले संगणक लॅमिंग्टन रोड किंवा सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून जुन्या मालाच्या भावात बाहेर पडू लागले. जुन्या खेळांसाठी असा दशकभरापूर्वीचा संगणक आजही भरपूर पुरतो.

त्यानंतर २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ब्रिटनमध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक ३५ डॉलरला आला आणि जगभरच्या हौशी लोकांनी त्याचा गेमबॉक्स केला. भारतात केबल, कार्ड, अडॅप्टर, पेटी आणि पॅड यांची बेरीज केली की तो तितकासा स्वस्त राहत नाही. चीनमध्ये बनणाऱ्या हातात धरायच्या गेमयंत्रांनी त्याची जागा बऱ्याच अंशी घेतली आहे. त्यांच्यासोबत येणारे मेमरी कार्ड हलक्या प्रतीचे असते, ते पहिल्याच दिवशी बदलावे.

सास्तूरसारख्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाला आज खरोखर परवडणारे यंत्र म्हणजे घरात पडून असलेला जुना अँड्रॉइड मोबाइल. काच तडकलेली, बॅटरी दमलेली असली तरी स्पेक्ट्रम, फॅमिकॉम, सेगा यांचे अनुकरण त्याला जड जात नाही. फक्त एक तारेचा पॅड आणि तो जोडायची ओटीजी पिन घ्यावी लागते. पडद्यावर बोटे फिरवून ‘काँट्रा’ खेळणे हा त्या खेळावर अन्याय आहे, तेव्हा पॅडवर पैसे खर्च करणे योग्य.

एक गोष्ट मात्र मोबाइल किंवा एलईडी टीव्ही देऊ शकत नाही, ती म्हणजे बंदूक. ‘डक हंट’मध्ये चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला प्रकाशसंवेदक तो उजेड टिपतो. पिक्चर ट्यूबवर चित्र ज्या ठरावीक गतीने ओळीओळीने रंगते, त्या गतीवर हे सारे बेतलेले आहे. एलईडी पडदा चित्र उशिरा आणि वेगळ्या रीतीने दाखवतो, म्हणून नेम चुकतो.

कायद्याचा भागही ध्यानात ठेवावा. फॅमिकॉमच्या मूळ पेटंटांची मुदत संपली आहे, त्यामुळे तशी यंत्रे बनवण्याला आता तो अडसर नाही. खेळांचे तसे नाही. भारतात १९८४च्या दुरुस्तीने संगणक-प्रणाली कॉपीराइट कायद्याखाली आल्या आणि ते हक्क आजही जिवंत आहेत. फुकटात वाटली जाणारी खेळांची हजारोंची गाठोडी बेकायदाच ठरतात. आपल्याकडची अस्सल कॅसेट, मूळ कंपनीने पुन्हा काढलेला संग्रह किंवा या जुन्या यंत्रांसाठी आजचे हौशी प्रोग्रॅमर लिहितात ते नवे खेळ, एवढे साहित्य पुष्कळ आहे.

पिक्चर ट्यूबचे टीव्ही आता बनत नाहीत आणि खेडोपाडी ते किलोच्या भावाने भंगारात जात आहेत. घरचा जुना टीव्ही अजून सुरू होत असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी त्याच्या मागे पिवळा व्हिडिओ जॅक आहे का ते पाहावे. आणि ठेवायला जागा नसेल, तर तो गावातल्या मेकॅनिककडे द्यावा.