परसातील कोंबडा : पचनविकार व शुश्रूषा (शिरूर व दौंड तालुके)

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील कमी पावसाच्या भागात घरामागे, गोठ्याच्या कडेला किंवा वस्तीवर मोकळ्या सोडलेल्या गावठी कोंबड्याला होणारे अन्नपिशवीचे व आतड्याचे आजार आणि त्यांवरील घरगुती व पशुवैद्यकीय उपचार. शेडमधील ब्रॉयलर व लेअर पक्ष्यांचा विचार येथे केलेला नाही.

प्रदेश व पाळण्याची रीत : नदीकाठचा व कालव्याखालचा बागायती पट्टा आणि त्यापलीकडचे बाजरी-ज्वारीचे माळ अशी दोन्ही तालुक्यांची ढोबळ विभागणी आहे. केडगाव-यवत भागात गुऱ्हाळे, पाटस व न्हावरे येथे साखर कारखाने आणि शिरूरकडे कांदा, असा पिकांचा पसारा असून परसातली कोंबडी यांतल्याच सांडलवंडीवर पोसली जाते. कोंबड्या बहुधा घरातील बाईच्या ताब्यात असतात. दिवसा सोडायच्या आणि सांजेला खुराड्यात किंवा डालग्याखाली डालायच्या. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा ठेवतात. नवसासाठी किंवा आखाडासाठी राखलेला कोंबडा वेगळा. गावठीबरोबर गिरीराज, वनराज, कडकनाथ हे पक्षीही आता परसात दिसतात. २०१९ च्या पशुगणनेत देशातील परसातल्या कोंबड्यांची संख्या सुमारे ३१.७ कोटी भरली, म्हणजे २०१२ पेक्षा जवळजवळ ४६ टक्क्यांनी अधिक.

शरीररचना : कोंबड्याला दात नसतात, दाणा गळ्याच्या पिशवीत भिजतो, ग्रंथिल जठरात पाचकरस मिळतो आणि पेट्यात खड्यांच्या साहाय्याने दळला जातो.

लक्षणे : आजारी कोंबडा पंख पाडून, पिसे फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसतो. आरवणे थांबते, तुरा काळपट किंवा फिका पडतो. नराकडून अंडे मिळत नसल्याने घट लवकर ध्यानात येत नाही, आणि आजार कळेपर्यंत एक-दोन दिवस निघून गेलेले असतात. म्हणून पाहणी दोन ठिकाणी करावी : पिशवी आणि विष्ठा.

पहाटे दाणा टाकण्याआधी कोंबडा काखेत धरून छातीच्या वर, गळ्याच्या उजव्या अंगाला बोटांनी चाचपावे. निरोगी पक्ष्याची पिशवी रात्रीतून रिकामी झालेली असते. सकाळीही ती गच्च, चेंडूसारखी कडक लागली तर अन्न अडकले आहे. पिठाच्या गोळ्यासारखी मऊ लागून चोचीतून आंबूस वास येत असेल तर आत किण्वन झाले असून बहुधा कँडिडा बुरशी वाढली आहे.

निरोगी विष्ठा तपकिरी असते व तिच्यावर पांढरी टोपी असते. हा पांढरा भाग मूत्राचा. दिवसातून काही वेळा गडद, चिकट, उग्र वासाची विष्ठाही पडते. ती आंधळ्या आतड्यातील असून आजाराची खूण नव्हे. तिला हगवण समजून औषध पाजले जाते, ते टाळावे. विष्ठेत रक्त दिसले तर कॉक्सिडियाचा (रक्ती हगवणीचा) संशय घ्यावा, मात्र हा आजार मुख्यतः तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांचा आहे आणि थोराड कोंबड्यात क्वचित उग्र होतो. हिरवट पातळ विष्ठेचा अर्थ लावताना घाई करू नये : पक्षी उपाशी असला तरी नुसते पित्त उतरून ती हिरवी होते. पण हिरव्या विष्ठेबरोबर तोंड उघडून श्वास घेणे, मान पिळवटणे किंवा पाय लुळे पडणे दिसले, तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत, समजून चालावे. एका कोंबड्याचे पोट बिघडणे ही साऱ्या आळीतल्या मरीची सुरुवात असू शकते, आणि या नोंदीतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच आहे.

कारणे : बारदानाचे व जाळीच्या गोण्यांचे धागे, प्लास्टिक, लांब वाळलेले गवत आणि उसाच्या चिपाडाचे तंतू यांनी पिशवी अडकते. गुऱ्हाळाजवळ मळी किंवा काकवी फार खाल्ल्यास विष्ठा पातळ होते. मळीतील पोटॅशियमाचे जास्त प्रमाण त्यास कारणीभूत आहे. बुरशी लागलेला मका व शेंगपेंड यांतील अफलाटॉक्सिन यकृत बिघडवते. अरगट पडलेली बाजरी, सडलेला कांदा, खारट फरसाण आणि औषध चोळलेले बियाणे हेही घातक आहेत. पावसाळ्यात खुराड्यातील ओल वाढली की कॉक्सिडियाची अंडी एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. गोल जंत विष्ठेतून पसरतात, तर काही पट्टकृमी मुंग्या व भुंगेरे खाल्ल्याने पोटात जातात.

शुश्रूषा : पहिले काम कोंबडा वेगळा करणे. त्याला कोरड्या, सावलीच्या जागी स्वतंत्र डालग्याखाली ठेवावे आणि त्याचे पाणी, भांडे, झाडू निराळे ठेवावेत. निरोगी कोंबड्यांची कामे आधी उरकून मगच त्याच्याकडे जावे, नंतर हात व चपला धुवाव्यात. कोंबड्याचे शरीर तापमान ४१ अंश सेल्सियसच्या पुढे असते, तेव्हा हाताला गरम लागला म्हणून ताप आहे असे धरू नये.

पिशवी अडकली असल्यास १२ ते २४ तास दाणा बंद ठेवून फक्त पाणी द्यावे, चोचीच्या कडेने थोडे गोडेतेल थेंबाथेंबाने सोडावे आणि दिवसातून तीन-चार वेळा पिशवी हलक्या हाताने चोळावी. कोंबडा उलटा टांगून पिशवी पिळण्याची रीत सोडून द्यावी. त्यात द्रव श्वासनळीत उतरून पक्षी हातातच गुदमरतो. दिवसभरात फरक न पडल्यास पशुवैद्यक छेद घेऊन पिशवी रिकामी करतात. जखम सहसा चांगली भरते.

हगवणीत पाणी व क्षार भरून काढणे हाच खरा उपचार होय. लिटरभर पाण्यात थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ, किंवा क्षारसंजीवनी, दर थोड्या वेळाने पुढे करावी. नंतर भाताची पेज, भिजवलेल्या बाजरीचा मऊ लगदा व बारीक खडी द्यावी. हळद, लसूण, ओवा, कडुनिंबाचा पाला आणि ताक देण्याची चाल आहे. त्यांच्या गुणाविषयी मतभेद आहेत. मोरचूद पाजण्याची जुनी पद्धत प्रमाण चुकल्यास विषारी ठरते. कॉक्सिडियावर अँप्रोलियम पाण्यातून, तर जंतांवर पायपेराझीन किंवा अल्बेंडाझोल पशुवैद्यकाच्या सल्ल्याने देतात.

राणीखेत : न्यूकॅसल व जावा येथे १९२६ मध्ये आढळलेला हा विषाणुजन्य रोग पुढे वर्षभरातच कुमाऊँमधील राणीखेत येथे नोंदला गेला आणि भारतात त्याच गावाच्या नावाने रूढ झाला. त्यावर औषध नाही, लस आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालतात आणि आठ ते दहा आठवड्यांनी आर-टू-बी लस टोचतात. अडचण लसीच्या बाटलीची आहे. ती शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची येते, २ ते ८ अंश तापमानात सांभाळावी लागते आणि कालवल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या घराला ती परवडत नाही. आळीने किंवा बचत गटाने एक दिवस ठरवून सगळ्यांच्या कोंबड्या सकाळी सोडण्याआधी टोचून घेणे, हाच मार्ग उरतो.

शवविच्छेदन : पक्षी दगावल्यास निदानाची ही शेवटची व सर्वांत खात्रीची संधी असते. ग्रंथिल जठराच्या बोंडांवर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसल्यास राणीखेतकडे बोट जाते. आंधळी आतडी फुगून रक्ताने भरलेली असल्यास कॉक्सिडिया, पिशवीचे अस्तर जाड होऊन पांढुरका थर आल्यास कँडिडा. ताजे मृत शरीर दुहेरी पिशवीत घालून बर्फाभोवती ठेवून पाठवावे, गोठवू नये. जवळची तपासणी यंत्रणा पुण्यातील औंध येथे आहे. शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. एकाच वेळी अनेक पक्षी मेले असल्यास मात्र घरी चिरफाड करू नये व पक्षी हाताळूही नयेत.

मृत पक्ष्याची विल्हेवाट : खोल खड्डा, वर चुना, कालव्यात किंवा ओढ्यात टाकू नये.

कळविणे : गावचा पशुवैद्यकीय दवाखाना, पंचायत समिती किंवा १९६२ हा दूरध्वनी क्रमांक. जानेवारी २०२१ मध्ये राज्यात बर्ड फ्लू पसरला तेव्हा दौंड तालुक्यातील बोरीबेल येथेही तो आढळला. अशा वेळी बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातील परसातले पक्षीही नष्ट करतात; नुकसानभरपाईची तरतूद आहे. संशयास्पद मर कळविणे पाळणाऱ्यावर २००९ च्या प्राणिरोग नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे.

मांस व अंडी : आखाडात गिऱ्हाईक मिळते म्हणून आजारी कोंबडा विकण्याचा किंवा कापण्याचा प्रसंग येतो, तो टाळावा. औषध दिलेल्या पक्ष्याचे मांस व अंडी पशुवैद्यकाने सांगितलेली मुदत संपेपर्यंत वर्ज्य. कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना देण्यास भारतात २०१९ पासून बंदी आहे.