महागुरूंची कबुली

संत ऑगस्टीन यांच्या 'कन्फेशन्स' या ग्रंथातील नासपतींच्या चोरीचा प्रसंग पुष्कळांच्या ऐकिवात असतो. तारुण्यातील स्खलन, माता मोनिका यांचे अश्रू आणि इ. स. ३८७ मध्ये मिलान येथे संत अँब्रोज यांच्या हस्ते झालेला स्नानसंस्कार, एवढ्यावर आपण ते चरित्र आटोपते घेतो.

तेरा भागांपैकी दहावा भाग मात्र फारसा वाचला जात नाही. ३९७ च्या सुमारास ग्रंथलेखनास आरंभ झाला, तेव्हा ऑगस्टीन उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरीचे महागुरू होते. जुनी पापे सांगणे त्या मानाने सोपे. ती धुतली गेलेली असतात. येथे ते चालू दुबळेपणाविषयी लिहितात. स्वप्नांत जुन्या वासना परततात, भूक भागली तरी जीभ मागतच राहते, स्तोत्रगायनात शब्दांहून स्वरच अधिक मोहवितात. घरात माशा पकडणारी पालसुद्धा त्यांचे चित्त विचलित करते! (पापनिवेदनात पालीचा उल्लेख आपल्यापैकी किती जण करतील?) सर्वांत चिवट ती स्तुतीची हाव, तिचा तिरस्कार करताना त्या तिरस्काराचाच गर्व वाटू लागतो.

डोनाटपंथीय विरोधक त्यांचे मानीपंथातील पूर्वायुष्य उकरून काढीत असत. अशा काळात महागुरूने स्वतःच्या हाताने आपले दोष लिहून द्यावेत, हे धाडसच होते.

४३० साली वँडल सैन्याने हिप्पोला वेढा घातला असता ते तापाने अंथरुणाला खिळले. चरित्रकार पोसिडियस सांगतात, की त्यांनी दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून भिंतीवर लावून घेतली होती. ती वाचताना ते अश्रू ढाळीत.